हिकरीचं झाड आणि पत्र्याची कालवड

वेंडेल स्टॅन्सिलच्या परसातलं हिकरीचं झाड सप्टेंबरच्या वादळात पडलं, आणि कशावरही पडलं नाही. सगळं बिघडलं ते इथूनच. घरावर पडलं असतं तर विमेवाल्यांनी उचलून नेलं असतं. शेजारच्या डेल्मर होवेलच्या शेडवर पडलं असतं तर निदान ती शेड गेल्याचं समाधान मिळालं असतं. पण ऐंशी वर्षांचं ते झाड दोघांच्या मधोमध, कुणाला धक्का न लावता, सभ्य माणसासारखं आडवं झालं. विमेवाला आला, त्याने फोटो काढले, नुकसान नाही म्हणजे भरपाई नाही असं सांगितलं आणि वेंडेलच्याच ओट्यावर चहा पिऊन निघून गेला.

झाड वेंडेलच्या आजोबांनी लावलेलं, पण ओळखलं जायचं ते वडिलांच्या नावाने. हार्लन स्टॅन्सिल चाळीस वर्षं दर शनिवारी घरामागच्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भट्टीवर अख्खं डुक्कर भाजायचे. कधी चर्चसाठी, कधी अग्निशमन दलासाठी, कधी कुणाच्या लग्नासाठी. नॉर्थ कॅरोलिनाच्या या पूर्व भागात बार्बेक्यू म्हणजे डुक्कर, लाकडाचे निखारे, व्हिनेगर आणि लाल मिरची. विषय संपला. त्याच नावाखाली बाकीच्या जगात जे काही चालतं त्याबद्दल इथली माणसं बोलत नाहीत. घरातल्या वाया गेलेल्या काकाबद्दलही ती अशीच बोलत नाहीत.

हार्लनने एकुलत्या एक मुलाला निखाऱ्यांजवळ कधी फिरकू दिलं नाही. 'वेंडेल, तू बर्फ आण,' एवढंच त्याच्या वाट्याला आलं. वीस वर्षं वेंडेलने बर्फ आणला. मग तो काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरपाट्यांच्या खिडकीमागे बसला आणि एकतीस वर्षं लोकांचे अर्ज परत करून मानाने निवृत्त झाला. बापाचं निखारे पसरायचं फावडं आपल्या हातात कधी आलं नाही, ही गोष्ट मात्र त्याच्या मनात काट्यासारखी रुतून बसलेली होती.

चार वर्षांपूर्वी हार्लन गेले, आणि तेव्हापासून वेंडेलच्या आईचं, मिस ऑर्फाचं (इकडे म्हाताऱ्या बायकांना मानाने 'मिस'च म्हणतात), खाण्यावरून मन उडालं. वय अठ्ठ्याऐंशी. सकाळी अर्धा टोस्ट, दुपारी दोन घास सूप, आणि मग हात वर करून 'पुरे'. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि दोष काही सापडत नाही म्हणाले. वेंडेलने आपलं निदान स्वतःच केलं. आई वडिलांच्या हातच्या चवीला झुरतेय. चार वर्षं तो तीन काउंट्यांतल्या एकेका भट्टीवरून तिला बार्बेक्यू आणून देत होता. ती एक काटा तोंडात घालायची, त्याच्याकडे बघून मान हलवायची आणि ताटली सरकवून द्यायची. लाकूड बरोबर नाही, वडील हिकरीवर भाजायचे, असं वेंडेल स्वतःशी म्हणायचा. आता बरोबर लाकूड परसात आडवं पडलेलं होतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी आईचा वाढदिवस. त्या दिवशी वडिलांच्या हिकरीवर भाजलेलं ताट तिच्यापुढे ठेवायचं, आणि ती पोटभर जेवते का ते बघायचं. एवढंच त्याला हवं होतं.

झाड कापून, फोडून, रचून होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग परवान्याचा प्रश्न आला. सहा वर्षांपूर्वी गावाची हद्द सरकून वेंडेलचं परस तिच्या आत आलं होतं आणि हद्दीत उघड्यावर जाळायचं तर कागद लागतो. नगरपालिकेच्या खिडकीमागे जी बाई बसली होती तिला वेंडेलने २००९ साली एका सहीसाठी तीनदा परत पाठवलं होतं. तो ते विसरला होता. ती विसरली नव्हती. तिने अर्ज वाचला, उलटला, पुन्हा वाचला आणि हा निळ्या शाईत आहे, काळ्या शाईत आणा, असं वेंडेलच्याच जुन्या आवाजात सांगितलं. वेंडेलने काळ्या शाईत लिहिला. दुसऱ्या खेपेला तो एकाच बाजूला लिहिलेला हवा होता.

पेराल तसं उगवतं, असं त्याची बायको लॉरेटा म्हणाली. अशा वेळी बायकोने काय म्हणावं याचेही नियम असायला हवेत, असं वेंडेलला वाटून गेलं.

मग अग्निशमनचा तपासनीस फीत घेऊन आला. भट्टी कुठल्याही बांधकामापासून पन्नास फूट लांब हवी; डेल्मरची शेड एकेचाळीस फुटांवर. डेल्मर हा उंटावरचा शहाणा, कुंपणाला कोपर टेकून सल्ला देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याने सांगितलं, भट्टी हलव. नाहीतर खड्डा खण. नाहीतर विजेची आण, आता सगळे विजेवरच करतात. शेड हलवण्याचा विषय निघाला की मात्र त्याच्या गुडघ्यात कळ यायची. शेवटी वेंडेलने सदतीस ठोकळे एकेक करून दहा फूट पलीकडे नेले, कंबर धरून बसला, आणि आरोग्य खात्याचं पत्र आलं की मैल्याच्या टाकीपासून दहा फुटांच्या आत अन्न शिजवता येणार नाही. शेड आणि टाकी यांच्यामध्ये आता कायदेशीर जमीन उरली होती दोन फूट. तिथे फार तर एक कोंबडी भाजता आली असती, तीही उभी.

त्याच आठवड्यात कोल्बी उगवला.

हा शार्लट शहरातून आलेला जेमतेम तिशीचा गृहस्थ. दाढी आजोबांच्या फोटोतली आणि कमरेला चामड्याचा एप्रन, जो तो बँकेतही घालून जायचा. मेन स्ट्रीटवरचं बंद पडलेलं बियाण्यांचं दुकान घेऊन तो बार्बेक्यूची खाणावळ काढत होता. नाव 'द टिन हेफर', आणि छपरावर पत्र्याची कालवड. डुकराच्या मुलखात बार्बेक्यूच्या छपरावर गाय चढवणारा माणूस पुढे काय करील हे त्या कालवडीनेच सांगितलं होतं. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. सगळं गाव म्हणत होतं, कित्ती गोड.

कोल्बी परसात आला, रचलेल्या हिकरीसमोर थांबला आणि त्याने चक्क टोपी काढली. असं लाकूड आपण दोन वर्षं शोधतोय म्हणाला. सगळं द्या, बदल्यात उद्घाटनानंतरच्या पहिल्या रविवारची पहिली ताटली मिस ऑर्फांची, आयुष्यभर लक्षात राहील अशी. वेंडेलने एकच प्रश्न विचारला, यावर भाजणार ना? कोल्बीने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, या लाकडाचा मान राखला जाईल."

एकतीस वर्षं ज्या माणसाने 'हो' किंवा 'नाही'च्या चौकोनात खूण नसेल तर अर्ज परत केला, त्याने हे उत्तर होकार म्हणून धरलं. संध्याकाळी दोन ट्रक भरून लाकूड गेलं.

"हो म्हणाला का तो?" लॉरेटाने विचारलं.

"मान राखणार म्हणाला."

"म्हणजे हो म्हणाला नाही."

बायकांना व्यवहारातला शब्दाचा मान कळत नाही असं वेंडेलला वाटलं, आणि ते त्याने मनातच ठेवलं, एवढंच त्या दिवसातलं त्याचं शहाणपण.

उद्घाटन दोनदा पुढे गेलं आणि शेवटी पडलं ते नेमकं वाढदिवसाच्या आठवड्यात. म्हणजे पहिला रविवार तोच आईचा दिवस. वेंडेलला यात देवाचा हात दिसला. खरं तर त्याला दुसरंच काही दिसायला हवं होतं. ज्याच्याकडे खरी भट्टी असते तो रविवारी दार उघडत नाही. आठवडाभर निखाऱ्यांपुढे बसलेला माणूस रविवारी चर्चमध्ये बसून झोपतो. वेंडेलला हे ठाऊक होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

त्या रविवारी पाद्रीबुवांनी क्षमा या विषयावर अकरा मिनिटं जास्त घेतली. त्यामुळे वेंडेलची बॅप्टिस्ट मंडळी पोचेपर्यंत दुसऱ्या चर्चच्या मेथडिस्ट लोकांनी सगळी टेबलं अडवलेली होती. पहिल्या ताटलीची मानकरीण दारातल्या झुलत्या खुर्चीत बसली आणि वेंडेलच्या हातात एक चौकोनी डबी देण्यात आली, जागा झाली की ती थरथरेल म्हणून. आपण कोण, लाकूड कुणाचं, हे त्याने दारातल्या पोरीला दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा गोड हसली.

चाळीस मिनिटं. पण बसल्या जागेवरून जे दिसत होतं ते सुंदर होतं, हे वेंडेलला कबूल करावं लागलं. छताला जुना नक्षीचा पत्रा. भिंतीभर बियाण्यांचे छोटे छोटे लाकडी खण, पितळी कड्यांचे. बरण्यांचे दिवे, गोधड्या, चर्चचे जुने बाक, ट्रॅक्टरच्या आसनांची स्टुलं. एका भिंतीवर कपडे घासायच्या पन्हाळी पत्र्याच्या सात फळ्या ओळीने टांगलेल्या. मिस ऑर्फा त्या फळ्यांकडे टक लावून बघत राहिली. 'हे कुणी टांगलं?' तिने विचारलं. 'मुद्दाम?' लॉरेटाने सजावट म्हणून सांगितलं. म्हातारीने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

आणि समोर, काचेमागे, जमिनीपासून छतापर्यंत, हिकरी. वेंडेलने साल ओळखली. सुटून आलेल्या कौलांसारखी साल गावात दुसऱ्या कुठल्या झाडाची नव्हती. हार्लन नेहमी सांगायचे, कुठेही जेवायला गेलास तर आधी मागे जाऊन लाकडं बघ, मग पुढून आत शीर. लाकडं नसली तर गाडी पुढे काढ. पण लाकूड पुढूनच दिसल्यावर मागे कोण जातो? वेंडेल गेला नाही. बापाचा एकच नियम पाळायचा होता, तोही त्याने बर्फासारखा वितळू दिला.

डबी थरथरली. वाढणारीने "काय आणू राजा?" म्हणून विचारलं, आणि त्रेसष्टाव्या वर्षी तेवढं ऐकूनही वेंडेलला बरं वाटलं. बरं वाटण्याचा त्या दिवसातला तो शेवटचा प्रसंग. बर्फ घातलेला चहा आला तो बरणीत, आणि गोड हवा की अगोड असा प्रश्न विचारून, जो या गोड चहाच्या मुलखात आजारी माणसालाही विचारत नाहीत. मक्याच्या पिठाची भजी आली ती छोट्याशा बादलीत, बादलीत तीन. कोबीच्या कोशिंबिरीत बेदाणे होते. पिठल्यासारखे घट्ट पाच सॉस पाच बाटल्यांत, पाचही गोड. वेंडेलने व्हिनेगर मागितलं, तर एका वाटीत काळं, काकवीसारखं काहीतरी आलं, बारा वर्षं मुरवलेलं. ते आणखी बारा वर्षं मुरवलं असतं तरी कुणाची तक्रार नव्हती.

मग मांस. पत्र्याच्या ताटलीत तपकिरी कागद, कागदावर अंजिराच्या रसात बुडालेला करड्या धाग्यांचा ढीग. वेंडेलने टोपी काढून बाजूला ठेवली, मनात वडिलांचं नाव घेतलं आणि घास तोंडात घातला.

धूर नव्हता. थोडासुद्धा नव्हता. मांस ओलं, गोड आणि इतकं मऊ की आपल्या आधी कुणीतरी ते चावून ठेवलंय असं वाटावं. त्याने आणखी एक घास घेतला, आपलं चुकलं असेल म्हणून. चुकलं होतंच, पण जिभेचं नव्हे. आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. हात धुवून येतो म्हणाला आणि उठला.

हात धुवायच्या जागेकडे जाणारा बोळ त्या काचेच्या भिंतीच्या कडेने जात होता. तिथून ती भिंत बाजूने दिसत होती. वेंडेल थबकला. ओंडके नव्हतेच. दोन बोटं जाडीच्या चकत्या होत्या, काकडी कापावी तशा कापलेल्या, प्लायवुडच्या फळीवर डिंकाने चिकटवलेल्या आणि वर चकचकीत वॉर्निश. त्याच्या बापाची हिकरी जळली नव्हती, शिजली नव्हती, तिला नुसतं पॉलिश झालं होतं. कोपऱ्यात पितळी पाटी. तिच्यावर लिहिलं होतं: 'हे झाड एका ओसाड शेतघराच्या परसात, सर्वांनी विसरलेलं, एकटं उभं होतं.'

वेंडेलने पाटी तीनदा वाचली. सकाळीच तो त्या ओसाड शेतघराच्या न्हाणीघरात दाढी करून आला होता.

कोल्बी मागून आलाच, एप्रन सावरत. कशी वाटली भिंत, असं त्याने विचारलं. भट्टी कुठाय, असं वेंडेलने विचारल्यावर त्याचा चेहरा जरा पडला. विमा कंपनी आत आग लावू देत नाही म्हणाला, आणि बाहेर लावायची तर पन्नास फुटांचा नियम, तुम्हाला माहीतच असेल. म्हणून विजेचं यंत्र, चौदा तास, अगदी मंद. उरलेल्या लाकडाच्या छोट्या जुड्या बांधून, फीत लावून, गल्ल्यापाशी ठेवल्यात. लोक कपाटात ठेवतात, वासाला.

"ओसाड नाहीये," वेंडेल म्हणाला. "मी राहतो तिथे. माझी बायको राहते. माझी आई राहते."

"हो सर, ते आहेच," कोल्बी अगदी मनापासून म्हणाला. "पण लोक वाचतात आणि गलबलून येतं त्यांना. काल एक बाई रडली."

पाटी बदलून हवी असेल तर त्यासाठी एक अर्ज आहे, असंही त्याने सांगितलं. मोबाइलवर भरता येतो.

वेंडेलच्या आयुष्यात आवाज चढवण्याचा प्रसंग फारसा आला नव्हता; खिडकीमागे बसणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. पण बोळातून परत येताना त्याने वाक्य तयार केलं. मेथडिस्टांच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात सांगायचं की हे बार्बेक्यू नव्हे, हे फसवणूक आहे, आणि हार्लन स्टॅन्सिलची बायको असलं खात नाही. मग आईला धरून उठवायचं आणि ताठ मानेने दारातून बाहेर. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदाच आपण वडिलांसारखं काहीतरी करतोय असं त्याला वाटलं.

तो टेबलापाशी पोचला. मिस ऑर्फाची ताटली रिकामी होती. पुसून घ्यावी तशी रिकामी. आता तिने लॉरेटाची ताटली पुढ्यात ओढली होती आणि भज्याने अंजिराचा रस टिपत होती. लॉरेटा वेंडेलकडे बघत नव्हती.

"ममा, ऊठ," वेंडेल म्हणाला. तयार केलेल्या वाक्यातलं एवढंच बाहेर आलं, तेही हळू. "याला धूर लागलेलाच नाही."

"ठाऊक आहे," मिस ऑर्फा म्हणाली. "म्हणून तर खातेय. बस खाली."

वेंडेल बसला.

म्हातारीने काट्याने भिंतीवरच्या फळ्या दाखवल्या. "चाळीस वर्षं दर सोमवारी तुझ्या बापाचे शर्ट मी असल्या फळीवर घासले. मशीन आलं, तरी तो वास मशीनला जाईना. पडद्यांत धूर, उशांत धूर. चर्चमध्ये बायका मान न वळवता ओळखायच्या, ऑर्फा आली म्हणून."

"पण दर शनिवारची पहिली ताटली तुझी असायची."

"तो द्यायचा, सगळ्या गावादेखत. तो असा उभा राहायचा, काळा ठिक्कर पडलेला, माझ्या तोंडाकडे बघत. मग काय करणार? खायची." तिने भजं संपवलं, बोटं पुसली. "मला ते कधीच आवडलं नाही, वेंडेल. मला तो आवडायचा."

शेजारच्या टेबलावर मेथडिस्ट कोणाला तरी वाढदिवसाचं गाणं म्हणू लागले. ते संपेपर्यंत वेंडेल थांबला.

"मला का सांगितलं नाहीस?"

"त्याला सांगितलं नाही, तर तुला कशाला सांगू?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "तो गेला तेव्हा वाटलं, आता निदान जेवणाला तरी धुराचा वास नसेल. तर तू सुरू केलंस. चार वर्षं, दर आठवड्याला, या भट्टीवरचं, त्या भट्टीवरचं. आणि तूही तसाच उभा राहतोस, बर्फाची बादली धरल्यासारखा, माझ्या तोंडाकडे बघत. भूक मरणार नाही तर काय होणार?"

ती बोलली त्यात राग नव्हता. वेंडेलने कोशिंबिरीची वाटी पुढे ओढली आणि त्यातले बेदाणे एकेक करून बाजूला काढले. मग दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून ते खाल्ले.

घरी आल्यावर डेल्मर कुंपणापाशी उभाच होता. कसं होतं, असं त्याने विचारलं. वेंडेल सांगू शकला असता. पण सांगायचं म्हटलं तर झाड सांगावं लागलं असतं, पाटी सांगावी लागली असती, आणि आई सांगावी लागली असती. "चांगलं होतं," तो म्हणाला. "लाकूड आमचंच ना." परसात ठोकळे अजून मैल्याच्या टाकीशेजारी पडून होते आणि हिकरीच्या जागी नुसता बुंधा होता.

पाटी बदलण्याचा अर्ज त्याने त्याच आठवड्यात भरला. कंसात 'सदर घरात तीन माणसे राहतात' असं लिहिलं. अर्जाची नोंद घेतल्याचं उत्तर आलं, आणि पुढे काही आलं नाही. यात त्याला नवल वाटलं नाही.

मिस ऑर्फाचं वजन मात्र नाताळपर्यंत सहा पौंड वाढलं. डॉक्टरांनी वेंडेलची पाठ थोपटली. म्हातारीला तिथला एक कोपरा आवडलाय, बोळाजवळचा, जिथे वारा लागत नाही. वाढणारी आता न विचारता ते टेबल राखून ठेवते. तेव्हा दर रविवारी, चर्च सुटल्यावर, त्या पितळी पाटीच्या बरोबर खाली ओसाड शेतघरातली तिन्ही माणसं जेवायला बसतात.